ताई, तुम्ही ती सही थांबवलीत

ताई,

नाव लिहू नका असं तुम्ही दोनदा बजावलंत म्हणून लिहीत नाहीये, पण पत्र मात्र सगळ्यांना दिसेल असंच लिहितेय, कारण अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांत या विषयावर कोणी तोंडच उघडत नाही. मुलाला चांगली नोकरी लागली की गावभर होतं, मुलाला अटक झाली की सख्ख्या मामालाही कळू देत नाहीत. आम्हीही तेच केलं. माझा भाऊ नऊ दिवस काउंटी जेलमध्ये होता आणि आम्ही लोकांना सांगत होतो की तो कामासाठी बाहेरगावी गेलाय. ते नऊ दिवस आम्ही तुम्हाला, अटक झालेल्या परदेशी लोकांच्या केसेस बघणाऱ्या ताईला, फोन करू शकलो असतो. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट लिहिते. त्याने मारलं होतं. पार्किंगमध्ये भांडण झालं, शिवीगाळ झाली, आणि माझ्या भावाने समोरच्याच्या तोंडावर ठोसा मारला, त्या माणसाचा जबडा मोडला, ऑपरेशन करावं लागलं. समोरच्याने आधी ढकललं होतं हेही खरं, पण जबडा मोडला तो त्याचा. तुम्हाला पहिल्या फोनवर मी हे सगळं गोड करून सांगायला लागले तेव्हा तुम्ही म्हणालात, "अगं मला तो निर्दोष आहे का हे नको सांगूस, त्याच्याकडे कोणते कागद आहेत आणि सही झालीये का, एवढंच सांग." रात्रीचे दहा वाजले होते. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सही होणार होती.

कागद म्हणजे ग्रीन कार्ड, सहा वर्षं झालेली. आणि सही म्हणजे ती प्ली, खटला न चालवता गुन्हा कबूल करून शिक्षा ठरवून घ्यायचा करार. आमचा तेव्हाचा वकील, ज्याला आम्ही साठवलेले पैसे काढून दिले होते, त्याने सांगितलं होतं की फार छान ऑफर आहे, फेलनी असॉल्ट, म्हणजे मारहाणीचा गंभीर गुन्हा, कबूल करायचा, एक वर्षाची शिक्षा पण सगळीच्या सगळी सस्पेंडेड, म्हणजे एकही दिवस आत नाही, तीन वर्षं प्रोबेशन म्हणजे कोर्टाच्या देखरेखीत बाहेर, उद्या घरी. वर असंही म्हणाला की पुढे काही वर्षांनी रेकॉर्ड पुसून घेता येईल. आईने देवाजवळ दिवा लावला हो ते ऐकून. इमिग्रेशनचं काय असं मी विचारलं तर म्हणाला ग्रीन कार्ड आहे ना, मग काळजी कशाला.

तुम्ही फोनवर गप्प झालात. मग जे सांगितलंत ते मी त्याच रात्री वहीत उतरवून घेतलं, ती वही अजून आहे. इमिग्रेशनच्या कायद्यात शिक्षा भोगली किती ते बघतच नाहीत, न्यायाधीशाने सुनावली किती ते बघतात, सस्पेंडेड असली तरी पूर्ण धरतात. आणि हिंसेच्या गुन्ह्याला एक वर्ष किंवा जास्त शिक्षा सुनावली की तो 'अॅग्रव्हेटेड फेलनी' होतो. १९९६ च्या आधी ही मर्यादा पाच वर्षं होती, त्या वर्षी काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, एक वर्षावर आणली. तो शिक्का बसला की ग्रीन कार्डवाल्याला इमिग्रेशन जजपुढे दया मागायचा जो मुख्य रस्ता असतो, इतकी वर्षं राहिलोय, कुटुंब इथे आहे वगैरे सांगायचा, तो बंद. नागरिकत्वही कायमचं बंद. आणि राज्याच्या कोर्टाने नंतर रेकॉर्ड पुसलं तरी इमिग्रेशनवाले ती शिक्षा झालीच असं धरतात. म्हणजे आम्ही ज्याला सुटका समजत होतो तो डिपोर्ट होण्याचा कागद होता. मी विचारलं मग किती दिवस कमी पाहिजेत. तुम्ही म्हणालात, "एक." ३६५ ऐवजी ३६४.

नंतर मला कळलं की हा एक दिवस इतका महत्त्वाचा आहे की कॅलिफोर्नियाने २०१५ पासून आणि न्यूयॉर्कने २०१९ मध्ये आपल्या मिसडिमिनर, म्हणजे कमी गंभीर, गुन्ह्यांची कमाल शिक्षाच ३६४ दिवस करून टाकली, याच कारणासाठी. पण आमच्या वकिलाला ते माहीत नव्हतं, किंवा माहीत करून घ्यायची त्याला गरज वाटली नाही.

आणि ती गरज नाही वाटली हेच बेकायदा आहे हेही तुम्हीच सांगितलंत. होजे पडिया नावाच्या माणसाची केस. मूळचा होंडुरासचा, चाळीस वर्षांहून जास्त काळ अमेरिकेत ग्रीन कार्डवर, व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकेच्या सैन्यात होता, ट्रक चालवायचा, केंटकीत ट्रकमध्ये गांजा सापडला. वकील म्हणाला तू इतकी वर्षं इथे आहेस, इमिग्रेशनची चिंता नको. त्याने गुन्हा कबूल केला आणि डिपोर्टेशन मागे लागलं. २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने ठरवलं की गुन्हा कबूल केल्यावर देशाबाहेर जावं लागू शकतं हे अशीलाला सांगणं हे वकिलाचं कामच आहे, घटनेच्या सहाव्या दुरुस्तीने मिळणाऱ्या हक्कात ते येतं. तुम्ही मला म्हणालात, सकाळी वकिलाला फक्त पडिया हा शब्द म्हण आणि लेखी सल्ला माग. मी म्हटला. त्याचा चेहरा मला अजून आठवतो. सही झाली नाही.

आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही ताई, कारण मुलगा घरी आला असता तो माझ्यामुळे आला नाही असं तिला वाटत होतं. ते दोन दिवस तुम्ही रोज तिला फोन केलात. आणि त्या फोनांतच तुमच्या लक्षात आलं की आई रोज जेलमधल्या फोनवर त्याच्याशी बोलते आणि रोज विचारते, "अरे पण नक्की काय झालं, तू आधी मारलंस का त्याने?" मराठीत बोलतोय, इथे कोणाला कळतंय, असं आम्हाला वाटत होतं. तुम्ही जवळजवळ ओरडलात. जेलचे फोन रेकॉर्ड होतात, भाषांतर करून घेतात, आणि आईला सांगितलेली गोष्ट कोर्टात वाचून दाखवता येते. वकिलाशी बोलणं गोपनीय असतं, आईशी बोलणं नसतं. हे किती घरांना माहीत नसेल! फोनवर फक्त जेवलास का, तब्येत कशी आहे, एवढंच.

बेलचंही तसंच. आम्ही पैसे जमवून भरायला निघालो होतो, तुम्ही म्हणालात आधी आइसचा, म्हणजे इमिग्रेशनच्या पोलिसांचा, डिटेनर लागलाय का ते विचारा. डिटेनर म्हणजे इमिग्रेशनवाले जेलला कळवतात की हा माणूस सुटायची वेळ झाली की अजून ४८ तासांपर्यंत ठेवा, आम्ही येऊन नेतो. तो लागलेला असताना बेल भरली तर बरेचदा माणूस घरी येण्याऐवजी सरळ इमिग्रेशनच्या कोठडीत जातो, आणि मग इकडची तारीख एकीकडे आणि तो दुसऱ्याच राज्यात. आमच्या नशिबाने नव्हता. ज्यांच्याकडे कागदच नाहीत त्यांच्यासाठी तर जानेवारी २०२५ मध्ये लेकन रायली कायदा आल्यापासून चोरी, दुकानातली उचलेगिरी, पोलिसावर हात टाकणं किंवा कुणाला गंभीर इजा होणं असे नुसते आरोप असले तरी, गुन्हा शाबीत व्हायच्या आधीच, सक्तीने डांबून ठेवायची तरतूद झालीये. तुम्ही हे सांगताना तुमचा आवाज बदलला होता, तुमच्याकडे तेव्हा अशा केसेस चालू असणार.

बेल भरल्यावर पैसे संपले. भावाला स्वतःचं उत्पन्न राहिलं नव्हतं म्हणून कोर्टाने पब्लिक डिफेंडर दिला. इथे बाबा अडून बसले. त्यांच्या डोक्यात 'सरकारी वकील' म्हणजे आरोपीच्या विरुद्ध उभा राहतो तो, आपल्याकडे तोच अर्थ आहे ना, त्यामुळे सरकारच पगार देतं तो आपल्या मुलाला कसा वाचवेल असं ते धरून बसले होते. तुम्ही घरी येऊन त्यांच्यासमोर बसलात आणि समजावलंत की विरुद्ध बाजूचा तो प्रॉसिक्युटर, हा वेगळा, याची बांधिलकी फक्त तुमच्या मुलाशी. फ्लोरिडाच्या जेलमधून गिडियन नावाच्या एका गरीब कैद्याने पेन्सिलीने सुप्रीम कोर्टाला अर्ज लिहिला आणि १९६३ मध्ये कोर्टाने ठरवलं की गंभीर गुन्ह्यात ज्याला वकील परवडत नाही त्याला सरकारने दिलाच पाहिजे. बाबांनी विचारलं, हे परक्यांना पण लागू आहे का? तुम्ही म्हणालात घटनेत तिथे नागरिक असा शब्दच नाही, आरोपी आणि व्यक्ती असे शब्द आहेत. आणि १८९६ ची वाँग विंगची केस सांगितलीत, चिनी लोकांना खटला न चालवता साठ दिवस सक्तमजुरी दिलेली, कोर्टाने सांगितलं की असं करता येणार नाही, परका असला तरी खटल्याशिवाय अशी शिक्षा नाही. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "पोरी, तू म्हणतेस तर ठीक." तो पब्लिक डिफेंडर किती कष्टाळू निघाला हे वेगळं लिहायला हवं, त्याचे आभार मी त्याला इंग्रजीत लिहून पाठवलेत.

पण तुम्ही हेही लपवलं नाहीत की हा फुकट वकील फक्त फौजदारी कोर्टात. इमिग्रेशन कोर्टात वकील ठेवायचा हक्क आहे पण सरकार खर्च करत नाही, लोक एकेकटे उभे राहतात तिथे. म्हणूनच खरी लढाई फौजदारी कोर्टातच लढायची, तिथे हरलो की मग इमिग्रेशन कोर्टात फारसं काही करता येत नाही, हे तुमचं वाक्य.

भारतीय कॉन्सुलेटचंही सांगायचं राहिलं. अटकेनंतर पोलिसांनी विचारलं होतं कळवू का, हा लाजेने नको म्हणाला. व्हिएन्ना कराराचं कलम ३६ म्हणजे हेच, परदेशी माणसाला पकडलं की तुझ्या दूतावासाला कळवायचा तुला हक्क आहे हे त्याला विनाविलंब सांगायचं. कुलभूषण जाधवांच्या खटल्यात १७ जुलै २०१९ ला आंतरराष्ट्रीय न्यायालयाने पाकिस्तानने मोडलं म्हणून सांगितलं तेच हे कलम, टीव्हीवर आपण सगळ्यांनी ऐकलंय, पण आपल्या घरात त्याचा उपयोग असेल असं कधी वाटलं नाही. कॉन्सुलेट सोडवून आणत नाही, वकिलाचा खर्च हातात ठेवत नाही, पण भेटायला येऊ शकतं, वकिलांची यादी देऊ शकतं. पण जो आपल्याच देशाच्या सरकारला घाबरून आश्रय मागतोय त्याने आधी वकिलाशी बोलावं, हे तुम्ही मुद्दाम सांगितलंत.

सात महिने गेले. या काळात तुम्ही आणि तो वकील एकेका शब्दावर बसलात, कारण इमिग्रेशनमध्ये बहुतेक वेळा प्रत्यक्षात काय घडलं यापेक्षा कोणत्या कलमाखाली कबुली दिली आणि त्या कलमाची भाषा काय आहे ते बघतात. शेवटी जी ऑफर आली ती कागदावर पहिल्यापेक्षा वाईट दिसत होती. साधा असॉल्ट, मिसडिमिनर, ३६४ दिवसांची शिक्षा, त्यातले साठ दिवस खरंच जेलमध्ये, आणि जखमी माणसाच्या उपचाराचा खर्च. म्हणजे जेल नको म्हणून आम्ही सही करायला निघालो होतो आणि तुम्ही जेल स्वीकारायला सांगत होतात. आईला हे कसं सांगायचं मला कळत नव्हतं. तुम्हीच सांगितलंत. "काकू, साठ दिवस तो आत असेल, पण एकसष्टाव्या दिवशी तुमच्या घरी असेल."

सहीच्या दिवशी भावाने तुमचं ऐकून दुभाषी मागितला. त्याचं इंग्रजी बरं आहे, ऑफिसचं इंग्रजी, पण पहिल्या तारखेला तो प्रत्येक प्रश्नाला यस सर म्हणत गेला होता आणि 'वेव्ह' म्हणजे आपण हक्क सोडून देतोय हे त्याला कळलंच नव्हतं. या वेळी त्याने दोन ठिकाणी थांबून परत सांगायला लावलं. जज थांबले, चिडले नाहीत.

साठ दिवस झाले. बेलच्या आधी आत काढलेले दिवस त्यात वळते झाले. तो घरी आला. दर महिन्याला त्या माणसाच्या उपचाराचे पैसे भरतोय, राग आवरायला शिकवणाऱ्या क्लासला जातोय, आणि त्या माणसाला वकिलामार्फत माफीचं पत्र लिहिलंय, उत्तर आलेलं नाही आणि यावं अशी अपेक्षाही नाही. तुम्ही सांगितलंय की मला विचारल्याशिवाय देशाबाहेर पाऊल टाकायचं नाही, कारण शिक्षा झालेल्या ग्रीन कार्डवाल्याला परत येताना विमानतळावर वेगळे नियम लागू शकतात. आजी आजारी होती तेव्हा तो गेला नाही. व्हिडिओ कॉलवर बघत होता. ते त्याने सहन केलं.

तुम्ही एक पैसा घेतला नाहीत. बाबा पाकीट घेऊन आले होते ते तुम्ही परत त्यांच्या खिशात ठेवलंत, मी पाहिलंय.

गेल्या महिन्यात एका ओळखीच्या बाईंचा रात्री फोन आला, रडत होत्या, मुलाला पोलिसांनी नेलंय, एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर आहे, कोणाला सांगू नकोस म्हणाल्या. मी वही काढली. म्हटलं काकू, आधी त्याला फोनवर काय झालं ते विचारू नका. आणि कशावर सही झालीये का ते सांगा. म्हणाल्या, नाही, सकाळी आहे.

मग मी तुमचा नंबर दिला.

तुमची,
ती रात्री दहाला फोन करणारी