पांढऱ्या मुळ्या शोधून देणाऱ्या ताईंना

ताई, नमस्कार.

आभार मानायचेच असतील तर तुमच्या भाषेत माना, माझ्या ऑफिसात पुण्याची एक मैत्रीण आहे ती वाचून दाखवेल, असं तुम्हीच म्हणाला होतात. म्हणून मराठीत लिहितोय, आणि उघडपणे लिहितोय, कारण तुम्ही काय केलं ते इथल्या लोकांनाही कळायला पाहिजे.

आधी वाचणाऱ्यांसाठी थोडं. या ताई केरळच्या, आमच्या साइटवरचा शोध ज्या फुकट कोडवर म्हणजे लायब्ररीवर चालतो, ती त्या सांभाळतात. आम्ही चार-पाच जण नागपुरात बसून संत्र्यावाल्यांसाठी एक साइट चालवतो. फुकट. कृषीची डिग्री घेतलेले दोन मित्र उत्तरं लिहितात, एक ताई टाइप करून देते, वेबसाइटचं काम माझ्याकडे. काटोल, नरखेड, कळमेश्वर, तिकडे वरुड-मोर्शीपर्यंतचे लोक मोबाइलवर शोधतात, डिंक्या (खोडातून डिंक गळायचा रोग) आला काय करू, बोर्डो मलम (मोरचूद-चुन्याचा लेप) कसा बनवायचा, कोळशीवर (पानांवर काळा थर येतो त्यावर) कधी फवारायचं, मृगाचा बहार धरू का आंबियाचा. नागपुरी संत्र्याला 2014 मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, अमरावती रोडवर लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आहे, माहिती भरपूर आहे हो, पण बांधावर उभ्या माणसाला दोन ओळींत पाहिजे असते आणि त्याच्या बोलण्यात पाहिजे असते. तेवढंच आम्ही करतो.

तर जानेवारीत, आंबियाचा ताण तोडायच्या, म्हणजे पाणी बंद ठेवलेल्या झाडांना परत पाणी द्यायच्या दिवसांत, जेव्हा सगळ्यात जास्त शोधाशोध असते, तेव्हाच फोन यायला लागले. काटोलकडचे एक काका म्हणे, "भाऊ, पांढऱ्या मुळीचं तुमच्या साइटवर काहीच दिसून नाही राहिलं." मी माझ्या लॅपटॉपवर टाकलं तर पहिलंच पान पांढऱ्या मुळीचं, म्हणजे झाडाला पाणी-खत ओढून देणाऱ्या नव्या बारीक मुळ्यांचं. त्यांच्या फोनवर शून्य. डिंक्या सापडतोय, कोळशी सापडतेय, पांढऱ्या मुळ्या नाही, दुसऱ्या पाण्याचं नाही, वाऱ्याने फळगळ झाली ते नाही. आणि शेतकऱ्यांसाठी, हा शब्द तर आमच्या प्रत्येक पानावर, तोही काही फोनवर सापडत नव्हता.

प्रकरण त्या आडव्या र मध्ये होतं. आपला ऱ्य कॉम्प्युटरला दोन तऱ्हेने सांगता येतो. एक म्हणजे नुक्त्याचा ऱ घेऊन त्याचा पाय मोडायचा, ही पद्धत इस्की या भारतीय लिप्यांच्या जुन्या संगणक-मानकापासून चालत आली. दुसरी म्हणजे साधा र, त्याचा पाय मोडायचा आणि मागे एक न दिसणारं अक्षर ठेवायचं, झिरो विड्थ जॉइनर, हे युनिकोडच्या (जगभरच्या अक्षरांना संगणकातले आकडे ठरवून देणारं मानक) जुन्या 2.0 आवृत्तीशी जुळावं म्हणून चालू ठेवलेलं. स्क्रीनवर दोन्ही अगदी सारखे दिसतात, डोळ्याला फरकच कळत नाही. कोणता कीबोर्ड एक लिहितो, कोणता दुसरा. त्यात आम्ही वापरत होतो ती शोधाची लायब्ररी मजकूर इंडेक्स करताना, म्हणजे शोधासाठी त्याची सूची बनवताना, न दिसणारी अक्षरं काढून टाकायची, म्हणजे जॉइनर गेला, आणि राहिलं काय तर पांढर्या, य च्या डोक्यावर रफार. काही पानांवर तर हेच स्क्रीनवर दिसत होतं, पांढर्या मुळ्या. टाइप करणाऱ्या ताईला लोक विचारत होते की शुद्धलेखन येत नाही का. तिने बिचारीने बरोबरच लिहिलं होतं.

आता हे सांगायला मी कुठे कुठे गेलो ते लिहीतच नाही सगळं. पण एक-दोन गोष्टी बोलल्याशिवाय राहवत नाही. आम्ही आधी स्वतःच्या खिशातून पैसे भरून एक तयार सर्च सेवा घेतली होती, मोठी कंपनी, सपोर्टला माणसं बसलेली. त्यांना दोन्ही शब्द शेजारी ठेवून स्क्रीनशॉट पाठवला. उत्तर आलं की हिंदी व्यवस्थित चालतंय, तिकीट म्हणजे तक्रार बंद. मी परत उघडलं, परत बंद. तिसऱ्या वेळी कोणी वाचलं तरी का, शंका आहे. अहो, हिंदीत हा र लागतच नाही, मग हिंदी चालवून बघून काय कळणार? आणि आपल्याच शहरातले आयटीवाले, मराठीसाठी काहीतरी केलं पाहिजे म्हणून स्टेजवरून बोलणारे, त्यातल्या एकाने मला म्हटलं की शेतकरी आजकाल बोलून शोधतात, टाइप कोण करतं, सोडून दे. हे मनाला फार लागलं. काकांनी टाइप केलं होतं ना. बोटाने एकेक अक्षर शोधून केलं होतं.

मग त्या लायब्ररीच्या इश्यूत, म्हणजे तक्रारी नोंदवायच्या पानावर लिहिलं, म्हटलं इथेही बंद होईल. दुसऱ्या दिवशी तुमचं उत्तर.

तुम्ही केरळच्या, मराठीचा संबंध नाही. पण तुम्ही पहिल्याच ओळीत लिहिलंत की हे दुखणं मी ओळखते. मल्याळममध्ये चिल्लू अक्षरं (स्वर न जोडलेली काही व्यंजनं) आधी याच जॉइनरने लिहायचे, 2008 मध्ये युनिकोड 5.1 मध्ये त्यांना स्वतंत्र जागा मिळाली, आणि जुना मजकूर जुन्याच पद्धतीत राहिला, त्यामुळे दोन्ही सांभाळायला लागतात. त्या एका ओळीने मला किती हलकं वाटलं ते सांगता येत नाही. मला काही सिद्ध करावं लागलं नाही.

तिथेच एका गृहस्थांनी सुचवलं होतं की सोपं आहे, सगळे ऱ्य रफारात बदलून टाका, शोधापुरतं चालतं. तुम्ही नाही म्हणालात. मला विचारलंत की याने अर्थ बदलणारे शब्द आहेत का. मी दर्या आणि दऱ्या दिले, एक समुद्र, एक डोंगरातल्या. आचार्यांना आणि आचाऱ्यांना दिले. तुम्ही लिहिलंत, मग हा शॉर्टकट होणार नाही. बस. एवढंच. त्यावर वाद नाही, भाषण नाही.

आणि मग ती गोष्ट, जिच्यासाठी खरं म्हणजे हे पत्र लिहितोय. तुम्ही विचारलंत की हा र हाताने लिहिताना रेघ कुठून सुरू करता, मला कागदावर लिहून फोटो पाठवाल का. माझं अक्षर काही धड नाही म्हणून मी आईला सांगितलं. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. तिने दुरेघी वहीच्या पानावर मोठ्या अक्षरात चार शब्द लिहिले, पांढऱ्या, दुसऱ्या, वाऱ्या, शेतकऱ्या, आणि प्रत्येक ऱ्य च्या त्या आडव्या वळणापाशी छोटा बाण काढला, हात कुठून कुठे जातो त्याचा. मी फोटो पाठवला. मला वाटलं झालं.

सकाळी बघतो तर तुमचा फोटो. कोऱ्या कागदावर निळ्या पेनाने तेच चार शब्द, तुमच्या हाताचे. शिरोरेघ प्रत्येक अक्षरापाशी तुटलेली, ढ चं पोट जरा मोठं. पहिल्या दोन ओळींत ऱ्य च्या जागी रफार गेला होता, तो तुम्हीच खोडला होता, आणि खाली परत लिहून, परत लिहून, शेवटच्या ओळीत बरोबर आला होता. आणि सोबत एक वाक्य, तुमच्या आईंना विचाराल का, आता बरोबर आहे का. आईने फोन जवळ धरून बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, शेतकऱ्या मध्ये वळण अजून थोडं खाली पाहिजे, पण पोरगी शिकली. आणि मला प्रिंट काढून आणायला लावली, त्यावर लाल पेनाने बरोबरची खूण केली, आणि तो फोटो तुम्हाला परत पाठवायला लावला.

ताई, कोड लिहायला याची गरज नव्हती, हे मलाही कळतं. जॉइनर आपल्या जागी ठेवायचा आणि इंडेक्समध्ये दोन्ही रूपं एकच धरायची, दाखवायच्या मजकुराला हात लावायचा नाही, एवढं तर तुम्हाला आधीच सुचलेलं असणार. तरी तुम्ही ज्या भाषेतलं एक वाक्यही वाचू शकत नाही तिचं अक्षर रात्री बसून गिरवलंत, नोकरी करून आल्यावर, घरचं सगळं आटोपून. आम्हाला इतके दिवस कोणी साधं नीट वाचलंही नव्हतं.

मी बारा-तेरा वर्षं वेबचं काम करतोय आणि जे काही उभं केलं त्यात माझं थोडं, बाकी अशाच लोकांनी लिहून ठेवलेलं. आपण इन्स्टॉल करतो आणि पुढे जातो. बऱ्याच लायसन्समध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं की आहे तसं घ्या, कसलीही हमी नाही, तरी लोक इश्यूत येऊन दम देतात, कधी होणार, एवढं पण जमत नाही का. 2024 च्या मार्चमध्ये एक्सझेडचं (फाइल दाबून लहान करणाऱ्या लायब्ररीत चोरवाट घुसवल्याचं) प्रकरण झालं तेव्हा जगाला कळलं की अर्ध्या इंटरनेटवर असलेली लायब्ररी एकच थकलेला माणूस सांभाळत होता, त्याला लोकांनी घाई कर, दुसऱ्याला दे म्हणून टोचलं, आणि त्यातूनच घुसणाऱ्याला जागा मिळाली. ते पकडलं कोणी, तर आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या डेव्हलपरने, लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय म्हणून खोदत बसला म्हणून. मला यात तांत्रिक भागापेक्षा तो टोचणारा भाग जास्त त्रास देतो. फुकट काम करणाऱ्याशी नीट बोलायला काय जातं? तुमच्याच लायब्ररीच्या इश्यूत मी खाली वाचलं, एक जण तुम्हाला लिहितो की आमचं प्रॉडक्शन अडलंय, तुम्ही जबाबदार. तुम्ही त्यालाही शांतपणे उत्तर दिलंत. मी नसतो देऊ शकलो.

आणि तुमच्यामुळे झालं काय बघा. तुम्ही टेस्टच्या, म्हणजे दुरुस्ती नीट चालते का ते तपासणाऱ्या फाइलमध्ये आईचे चारही शब्द घातलेत, दर्या-दऱ्याची जोडी घातलीत, तर तिथे एका नेपाळी मुलाने येऊन सांगितलं की त्यांच्याकडेही हाच र आहे, गऱ्यो मध्ये, त्यांचाही शोध याच कारणाने बिघडत होता, आणि त्याने त्यांचे शब्द जोडले. म्हणजे काटोलच्या काकांच्या एका फोनवरून नेपाळपर्यंत दुरुस्ती गेली, मधे कोणी मीटिंग घेतली नाही, उद्घाटन नाही, फोटो नाही.

नवी आवृत्ती टाकल्यावर मी काकांना फोन केला, म्हटलं आता बघा. फोनवर मागे मोटरचा आवाज, ते टाइप करताहेत, मी थांबलो. मग म्हणाले, "हो, आलं ना भाऊ. पाहतो." आणि ठेवला. त्यांना तुमच्याबद्दल सांगायचं राहून गेलं, ते मी पुढच्या वेळी सांगणार आहे, नीट बसून.

आता माझं ऐका. तुम्ही लिहिलं होतं की पुढचे दोन महिने घरी आईचं ऑपरेशन आहे आणि इश्यू तुंबणार आहेत. देवनागरीचे जेवढे आहेत, मराठी, हिंदी, नेपाळी, कोंकणी, ते सगळे मी बघतो. लेबल लावणं, दुसऱ्या मशीनवर चालवून बघणं, टेस्ट लिहिणं, आणि उद्धट बोलणाऱ्यांना उत्तर देणं तेही माझ्याकडे द्या. आमच्यातल्या अजून एकाने हो म्हटलंय. तुम्ही फक्त शेवटी मर्ज करा, म्हणजे बदल मूळ कोडात घ्या, तेही तुम्हाला सवड होईल तेव्हा, कोणी घाई केली तर मला टॅग करा.

आंबियाची फळं नोव्हेंबरपासून उतरतात. काका म्हणालेत पेटी भरून देतो, मी पार्सल करीन. घरचा पत्ता नको असेल तर ऑफिसचा द्या. आणि आईंच्या ऑपरेशनचं काय झालं ते कळवा, माझी आई रोज विचारते.

तुमचा,
नागपूरचा एक वेब डेव्हलपर