कस्टम पॅरामीटरमधील माहिती नाहीशी झाल्याबाबत तक्रार

नौपाडा, ठाणे (पश्चिम)
दिनांक: १९ जानेवारी २०२६

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख,
भारत विभाग

विषय: आपल्या बीआयएम (इमारतीचे माहितीसह संगणकीय मॉडेल बनवणाऱ्या) सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत कस्टम पॅरामीटरची ओळख बदलल्यामुळे झालेले नुकसान आणि बंद केलेली तक्रार पुन्हा उघडण्याबाबत

महोदय / महोदया,

स.न.वि.वि.

मी वास्तुविशारद आहे. नौपाड्यात माझे लहानसे कार्यालय आहे. घोडबंदर रस्त्याच्या पट्ट्यातल्या निवासी इमारतींची मॉडेल आम्ही आपल्याच सॉफ्टवेअरवर तयार करतो आणि त्याचे सबस्क्रिप्शन दरवर्षी मुदतीत भरतो. नवी आवृत्ती बसवल्यावर आमच्या मॉडेलमधल्या कस्टम पॅरामीटरची, म्हणजे आम्ही स्वतः ठरवून जोडलेल्या रकान्यांमधली, माहिती दिसेनाशी झाली. त्याबद्दलची तक्रार आपल्या सपोर्ट विभागाने ‘सॉफ्टवेअर अपेक्षेप्रमाणेच चालत आहे’ एवढे लिहून बंद केली. हे उत्तर मला मान्य नाही. का नाही, ते सविस्तर लिहिते.

प्रकल्प कोलशेतचा, एक उंच निवासी टॉवर. दरवाजे चारशेहून जास्त. प्रत्येक दरवाजाला आम्ही स्वतः ठरवलेले पॅरामीटर जोडले होते: अग्निरोधक मिनिटे, डोअर क्लोजर (दरवाजा आपोआप बंद करणारे साधन) आहे की नाही, दरवाजा कोणत्या बाजूला उघडतो, पुरवठादार, वॉरंटी संपण्याची तारीख. फायर कन्सल्टंटने जिन्याच्या आणि लिफ्ट लॉबीच्या दरवाजांना १२० मिनिटे आणि शाफ्टच्या दरवाजांना ६० मिनिटे ठरवून दिली होती. ते आकडे एकेका दरवाजाला भरून झाले होते, तपासून झाले होते, त्यावर सह्याही झाल्या होत्या. मग आपल्याकडून सूचना आली की जुन्या आवृत्तीची क्लाउड सेवा थांबणार आहे. बेलापूरच्या स्ट्रक्चरल कन्सल्टंटनी आणि आम्ही एकदमच नवी आवृत्ती घेतली. जुनी फाइल उघडली आणि पडद्यावर ‘परिवर्तन यशस्वी’ असा संदेश आला. कुठेही इशारा नाही, लॉगमध्ये एक ओळसुद्धा नाही. त्यानंतर दरवाजांचे शेड्यूल (तक्ता) काढले तर अग्निरोधाचा रकाना वरपासून खालपर्यंत कोरा होता. ड्रॉइंगवरच्या टॅगमध्ये आकड्यांच्या जागी प्रश्नचिन्हे होती.

माहिती पुसली गेलेली नव्हती. ती मॉडेलमध्येच होती, पण तिच्यापर्यंत जाणारी वाट तुटली होती. आपल्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक सामायिक पॅरामीटरला एक नाव असते आणि एक १२८ बिटांचा ओळख क्रमांक असतो, जीयूआयडी. नाव आपण वाचायचे; प्रोग्राम मात्र जीयूआयडीवर चालतो. शेड्यूल, टॅग, फिल्टर, एक्स्पोर्टची जुळणी हे सगळे त्या क्रमांकालाच बांधलेले असते. फाइल नव्या आवृत्तीत आणताना, जे पॅरामीटर एकापेक्षा जास्त कॅटेगरींना (दरवाजे, खिडक्या अशा वर्गांना) लावलेले होते त्यांच्यासाठी आपल्या प्रोग्रामने नवे जीयूआयडी तयार केले. नाव तेच, क्रमांक वेगळा. शेड्यूल नव्या, रिकाम्या पॅरामीटरकडे वळले आणि भरलेला जुना पॅरामीटर कोणत्याच यादीत न येता मागे पडून राहिला. सातबाऱ्यावर गावाचे आणि मालकाचे नाव तसेच ठेवून गट क्रमांक बदलला, तर कागदावर ती जमीन दुसरीच होते. आमच्या आकड्यांचे तसे झाले.

कोरा रकाना निदान नजरेला येतो. खरा धोका ‘हो/नाही’ प्रकारच्या पॅरामीटरमध्ये होता. तिथे नवा पॅरामीटर रिकामा राहत नाही, त्यात आपोआप ‘नाही’ भरले जाते. त्यामुळे डोअर क्लोजरच्या रकान्यात प्रत्येक दरवाजापुढे ‘नाही’ आले. जिन्याच्या दरवाजालासुद्धा. हे पान पाहून कोणालाही वाटेल की हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे. वागळे इस्टेटमधल्या पुरवठादाराकडे मागणी जाण्याआधी माझ्या एका सहकारी मुलीच्या लक्षात आले, कारण तिने तो रकाना पूर्वी स्वतः भरला होता. तिच्या जागी नवा माणूस असता तर क्लोजर नसलेले दरवाजे मागवले गेले असते. अग्निरोधक दरवाजा १२० मिनिटांचा असला तरी तो आपोआप बंद झाला नाही, तर धूर जिन्यात शिरतो, आणि त्याच जिन्याने लोकांना खाली उतरायचे असते. आपल्या सपोर्टच्या पत्रव्यवहारात याला ‘डिस्प्लेची अडचण’ म्हटले आहे. ही डिस्प्लेची अडचण नाही. ज्या पॅरामीटरमध्ये कोणीच काही भरलेले नाही, तो ‘भरलेला नाही’ असाच दिसला पाहिजे. ‘नाही’ हे उत्तर आहे आणि ते उत्तर आम्ही दिलेले नव्हते.

दुसरा भाग एक्स्पोर्टचा. आमच्या विकासकाला अंतिम मॉडेल आयएफसीमध्ये लागते आणि ती मागणी रास्त आहे. आयएफसी हे मॉडेलच्या देवाणघेवाणीसाठीचे, आता आयएसओ १६७३९ म्हणून मान्य झालेले खुले मानक आहे. वीस वर्षांनी सोसायटीला पाइप किंवा दरवाजा बदलायचा असेल तेव्हा आपले सॉफ्टवेअर त्यांच्याकडे असेलच असे नाही. या मानकात दरवाजांच्या प्रमाणित गुणधर्म-संचात अग्निरोधाची नोंद आहे, पण ती मजकुराच्या प्रकाराची आहे. तिथे कोणी ‘१२०’ लिहितो, कोणी ‘२ तास’. म्हणून मिनिटांचा आकडा आम्ही पूर्णांक म्हणून आमच्या स्वतःच्या संचात ठेवतो, म्हणजे १२० पेक्षा कमी असलेले दरवाजे गाळून काढता येतात. जुन्या आवृत्तीत हे नीट चालत होते. नव्या आवृत्तीत तोच आकडा मजकूर होऊन बाहेर पडतो. शिवाय आमच्या संचाच्या नावापुढे ‘पीसेट’ हा उपसर्ग लावला जातो. हा उपसर्ग मानकातल्या अधिकृत संचांसाठी राखून ठेवलेला आहे. वापरकर्त्याच्या संचाला तो लावायचा नसतो. आयएफसी सांभाळणाऱ्या बिल्डिंगस्मार्ट या संस्थेने जून २०२४ मध्ये आयडीएस १.० (मॉडेलमध्ये कोणती माहिती कशी हवी हे लिहिण्याचे मानक) प्रसिद्ध केल्यापासून आमचे विकासक मॉडेल त्यानुसार तपासून घेतात. आमची फाइल त्या तपासणीत नापास झाली आणि अहवालावर नाव आमच्या कार्यालयाचे आले.

स्प्रेडशीटच्या देवाणघेवाणीबद्दल थोडक्यात लिहिते. सदनिका क्रमांक ‘०७०३’ आम्ही मजकूर म्हणून ठेवतो. आपल्या एक्स्पोर्टमधून तो संख्या म्हणून बाहेर येतो, पुढचे शून्य गळते आणि फाइल परत आत घेतली की मॉडेलमध्ये ‘७०३’ होतो. ‘ही स्प्रेडशीटची सवय आहे’ असे उत्तर मिळाले. मजकूर प्रकारचा पॅरामीटर मजकूर म्हणूनच लिहिणे आपल्या प्रोग्रामच्या हातात आहे.

कस्टम पॅरामीटर ही थोड्या लोकांच्या वापरातली, बाजूची सोय आहे असे आपल्या उत्तरांवरून वाटते. इथे काम करणाऱ्यांसाठी तसे नाही. रेराच्या २०१६ च्या कायद्यात चटई क्षेत्राची व्याख्या दिलेली आहे: बाहेरच्या भिंती, सर्व्हिस शाफ्ट, सदनिकेची स्वतंत्र बाल्कनी आणि उघडी गच्ची वगळायची, पण आतल्या पार्टिशन भिंतींखालची जागा धरायची. राज्याच्या २०२० च्या एकत्रिकृत नियमावलीप्रमाणे एफएसआयसाठी (भूखंडाच्या प्रमाणात किती बांधकाम करता येते त्यासाठी) मोजायचे ते पी-लाइनचे, म्हणजे मजल्याच्या बांधकामाच्या बाहेरच्या रेषेतले क्षेत्र. म्हणजे एकाच फ्लॅटची दोन क्षेत्रफळे, दोन वेगळ्या नियमांनी मोजलेली, आणि दोन्ही कागदावर बरोबर असावी लागतात. आपल्या सॉफ्टवेअरमधले खोलीचे तयार क्षेत्रफळ या दोन्हींपैकी एकही नाही, आणि ते असावे अशी माझी अपेक्षाही नाही. जगभर विकल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरला प्रत्येक शहराची नियमावली कशी ठाऊक असणार? पण म्हणूनच ती क्षेत्रफळे आम्ही कस्टम पॅरामीटरमध्ये ठेवतो. महापालिकेत जाणारे तक्ते त्यावर बनतात, घर घेणाऱ्याच्या करारनाम्यात जाणारा आकडा तिथूनच येतो. ठाण्यातल्या, नवी मुंबईतल्या वास्तुविशारदासाठी मॉडेलमधला हाच भाग सर्वांत जबाबदारीचा आहे. भिंत दोन इंच सरकली तर कोणाच्याही लक्षात येते. आकडा बदलला तर येत नाही.

आता सपोर्टबद्दल. पहिल्यांदा मी महापे येथील आपल्या अधिकृत विक्रेत्याशी बोलले. तिथल्या तरुण इंजिनिअरने मन लावून ऐकले. दोन्ही आवृत्त्यांमधल्या पॅरामीटरचे जीयूआयडी शेजारी ठेवून फरक त्यानेच मला दाखवला. त्याबद्दल त्याचे आभार मानायलाच हवेत. पण दुरुस्ती त्याच्या अधिकारात नव्हती, म्हणून त्याने मला कंपनीकडे पाठवले. कंपनीच्या सपोर्टने लॉग मागितला, मग नमुना फाइल, मग पडद्याचे चित्रण. हे सगळे पाठवल्यावर पुढच्या व्यक्तीने पुन्हा तेच मागितले. नंतर ‘ग्राहकाकडून प्रतिसाद नाही’ या कारणाने तिकीट (तक्रारीची नोंद) आपोआप बंद झाले; माझे उत्तर त्याच तिकिटावर आदल्या तारखेचे आहे. ते पुन्हा उघडायला लावल्यावर वर लिहिलेले ‘अपेक्षेप्रमाणेच’ हे उत्तर आले, आणि सोबत सल्ला मिळाला की जुन्या पॅरामीटरमधली मूल्ये हाताने नव्यात उतरवून घ्यावीत.

हाताने उतरवणे म्हणजे काय, हे सल्ला देणाऱ्यांनी समजून घ्यावे. सही झालेला प्रत्येक आकडा पुन्हा लिहायचा. तो पुन्हा तपासायचा. फायर कन्सल्टंटकडे पुन्हा सहीला पाठवायचा, कारण पुन्हा लिहिलेल्या आकड्याला आधीची सही लागू होत नाही. माझ्या कार्यालयातली माणसे रात्री उशिरापर्यंत बसून हे काम करत आहेत आणि त्या वेळेचे पैसे कोणत्याही विकासकाच्या बिलात लावता येत नाहीत. जुन्या बॅकअपवर परत जायची सोयही राहिलेली नाही, कारण नव्या आवृत्तीत जतन केलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही, आणि स्ट्रक्चरल बाजूचे पुढचे काम नव्या फाइलवर झालेले आहे.

माझी पहिली मागणी आमच्या फाइलपुरती आहे. जुन्या जीयूआयडीखालची मूल्ये नव्याखाली नेणारे साधन आपल्या तंत्रज्ञांनी तयार करून द्यावे आणि किती मूल्ये हलली, किती राहिली याचा लेखी अहवाल सोबत द्यावा. तोंडी ‘झाले’ यावर मी आता पुढे जाणार नाही. दुसरी मागणी सर्वच ग्राहकांसाठी आहे, आणि माझ्या लेखी ती जास्त महत्त्वाची. परिवर्तनात एखाद्या पॅरामीटरची ओळख बदलणार असेल तर ते सुरू होण्याआधी पडद्यावर तशी यादी यावी आणि थांबण्याची मुभा असावी. न भरलेला ‘हो/नाही’ पॅरामीटर वेगळा दिसावा. पूर्णांक पूर्णांक म्हणूनच आयएफसीत जावा आणि राखीव उपसर्ग आमच्या संचांना लागू नये. हे दुरुस्त होईपर्यंत आपल्या डाउनलोड पानावर ठळक सूचना द्यावी. आजही कोणीतरी खारघरमध्ये किंवा माजिवड्यात बसून हीच आवृत्ती बसवत असेल, आणि त्यांच्याकडे तो रकाना लक्षात ठेवणारी सहकारी असेलच असे नाही. तिसरी मागणी पैशांची: नवी आवृत्ती बसवल्यापासून दुरुस्ती मिळेपर्यंतच्या काळाचे सबस्क्रिप्शन परत करावे किंवा पुढच्या वर्षात वळते करावे.

आपल्या परवाना-कराराकडे बोट दाखवून ‘व्यावसायिक वापर’ असे उत्तर येऊ शकते, म्हणून आधीच नोंदवते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मधील ग्राहकाच्या व्याख्येच्या स्पष्टीकरणात, केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू ‘व्यावसायिक हेतू’त धरलेली नाही. माझे घर याच व्यवसायावर चालते. हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी आणि मुद्देसूद उत्तर आले नाही, तर मी ठाणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाईन. तशी वेळ येऊ नये असे मनापासून वाटते, कारण आमचे अनेक वर्षांचे काम आपल्या सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि पुढचेही त्यातच करायची इच्छा आहे.

आमच्या कार्यालयात येऊन फाइल प्रत्यक्ष पाहायची असेल तर आपल्या तंत्रज्ञांना केव्हाही पाठवावे. जुन्या आणि नव्या दोन्ही आवृत्त्यांचे संगणक त्यासाठी तसेच ठेवले आहेत.

कळावे,

आपली ग्राहक,
संचालिका, वास्तुविशारद कार्यालय,
नौपाडा, ठाणे (पश्चिम)

सोबत: दोन्ही आवृत्त्यांमधील दरवाजांची शेड्यूल, पॅरामीटरच्या जुन्या-नव्या जीयूआयडींचा तक्ता, आयडीएस तपासणीचा अहवाल, सपोर्ट तिकिटावरील संपूर्ण पत्रव्यवहार, सबस्क्रिप्शनची पावती.