वीस सेकंद हीटर आणि दोन घरघरी

मा. संपादक,

मी मूळचा निफाडचा, सध्या कॅनडात ऑन्टारिओला असतो, तुमचा पेपर ऑनलाइन रोज वाचतो. थंडी पडली की गावाकडनं एकच ऐकू येतं, जुना ट्रॅक्टर सकाळी उठत नाही, इंजिन गेलं, विकून टाकतो. म्हणून लिहितोय.

माझ्याकडे 1969 चा मॅसी फर्ग्युसन 135 आहे, तीन सिलिंडरचं पर्किन्स डिझेल. डिसेंबर ते मार्च शेडमध्ये नुसता उभा असतो आणि बाहेर उणे वीस. यंदा सायलेन्सरवर उपडा घातलेला डबा काढला, घरात ठेवलेली बॅटरी चार्ज करून बसवली, इंजिनात जाणारी हवा तापवणारा हीटर वीस सेकंद धरला अन् स्टार्टर मारला. दोन घरघरी, पांढऱ्या धुराचा एक लोट, आणि लगेच ती ठकठक! अंगावर काटा आला हो, दादांच्या 1035 चा आवाज अगदी हाच. असणारच, टाफेच्या त्या ट्रॅक्टरला चेन्नईच्या सिम्पसनचं इंजिन, आणि तेही पर्किन्सच्याच घराण्यातलं.

आता जुनं म्हणजे सगळंच चांगलं असं नाही, याच मॅसीच्या 35 मॉडेलला आधी चार सिलिंडरचं स्टँडर्ड इंजिन होतं, ते थंडीत फार छळायचं, 1959 मध्ये पर्किन्स आल्यावर लोक सुटले. पर्किन्समध्ये डिझेल थेट पिस्टनच्या डोक्यावर फवारलं जातं, उष्णता वाया जात नाही, पंप मेकॅनिकल, सेन्सर एकही नाही, बॅटरीचं काम फक्त हीटर तापवणं आणि इंजिन फिरवणं. पण खरी मेहनत उभा करायच्या आधीची असते. टाकी काठोकाठ भरायची, रिकाम्या जागेत हवेला घाम सुटतो आणि पाणी तळाला बसतं. डिझेल हिवाळ्याचंच, नाहीतर मेण धरून फिल्टर चोंदतो. रेडिएटरमध्ये कूलंट हवंच, नुसतं पाणी गोठलं तर ब्लॉक फुटतो.

आपल्या निफाडला पारा चार-पाचवर येतो, द्राक्षाला पहाटे ब्लोअर चालवायचा असतो, आणि लोक टोचन लावून ट्रॅक्टर ओढत बसतात. दादांना एका मेकॅनिकने सांगितलं इंजिन खोलावं लागेल, मोठा खर्च आहे. मी सुट्टीवर गेलेलो, बघतो तर बॅटरीच्या अर्थच्या वायरीवर हिरवी-पांढरी बुरशी, नट हाताने फिरत होता. गरम पाणी, सॅंडपेपर, थोडं ग्रीस, अर्धा तास. दुसऱ्या दिवशी पहाटे पहिल्या सेल्फला चालू. त्या एका वायरीपायी दादा ट्रॅक्टर विकायला निघाले होते, याचं मला अजून वाईट वाटतं.

शेतीच्या पुरवणीत दिवाळीच्या आसपास यावर अर्धं पान द्या एवढी विनंती, एखाद्या जुन्या जाणत्या मिस्त्रीकडून लिहून घ्या, फोटो टाका.

– एक वाचक, ऑन्टारिओ (मूळ निफाड, जि. नाशिक)