निवृत्तीच्या पैशांतून दिशाभूल करून विकलेली विमा पॉलिसी रद्द करून रक्कम व्याजासह परत करण्याबाबत

प्रति,
मा. प्रधान नोडल अधिकारी,
ग्राहक तक्रार निवारण विभाग

दिनांक : 13 ऑक्टोबर 2025

महोदय,

आपल्या शाखा व्यवस्थापकांशी शुक्रवारी फोनवर जे बोलणे झाले, ते या प्रकरणातील माझे शेवटचे तोंडी बोलणे आहे. यापुढे मी जे मागेन ते लेखी मागेन आणि उत्तरही लेखीच स्वीकारेन, कारण तोंडी सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीपासून आपल्या शाखेने नंतर हात झटकले आहेत.

मी सातपूर औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यातून 31 मे 2024 रोजी वयाच्या 58 व्या वर्षी निवृत्त झालो. भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी मिळून 28 लाख रुपये जुलै महिन्यात आपल्याच बँकेतील माझ्या पगाराच्या खात्यात जमा झाले. पेन्शन म्हणाल तर ईपीएस-95 ची, म्हणजे भविष्य निर्वाह निधीबरोबरच्या 1995 च्या कर्मचारी पेन्शन योजनेची. तिचा हिशेब पंधरा हजारांच्या कमाल पगारावर होत असल्यामुळे माझ्यासारख्या कामगाराने पस्तीस वर्षे नोकरी केली तरी ती महिना आठ हजारांच्या आतच राहते. त्यामुळे हे 28 लाख म्हणजे आम्हा पती-पत्नींच्या उरलेल्या आयुष्याचा किराणा, औषधे आणि वीजबिल आहे, आणि ते कुठे ठेवायचे हे मी निवृत्तीच्या दोन वर्षे आधीपासून विचार करून ठरवले होते. शेअर बाजारात जायचे नाही, हे पहिल्यापासून पक्के होते. सहकारी बँकेत थोडे अधिक व्याज मिळत होते, पण सप्टेंबर 2019 मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा ठेवीदारांना सुरुवातीला फक्त एक हजार रुपये काढण्याची मुभा होती, हे मी विसरलो नव्हतो. ठेव विम्याचे संरक्षण त्यानंतर, फेब्रुवारी 2020 मध्ये, एक लाखावरून पाच लाखांवर गेले. तरीही ते प्रत्येक बँकेत एका ठेवीदारामागे पाच लाखच आहे. म्हणून केंद्र सरकारची हमी असलेल्या योजनाच निवडायच्या, असे आम्ही दोघांनी ठरवले.

ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 15 लाख ठेवायचे, 8.2 टक्के दराने त्याचे दर तिमाहीला 30,750 रुपये येतील. पोस्टाच्या मासिक प्राप्ती योजनेत 9 लाख ठेवायचे, 7.4 टक्क्यांनी त्याचे महिन्याला 5,550 रुपये येतील. उरलेले 4 लाख आजारपणासाठी हाताशी ठेवायचे, असा आमचा हिशेब होता. मी तो कागदावर लिहून आपल्या शाखेत आणला होता. तो कागद आपल्या रिलेशनशिप मॅनेजरने हातात घेऊन वाचला आहे.

आता आपल्याला ठाऊक असलेलीच गोष्ट मला लिहावी लागत आहे. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचे खाते साठ वर्षे पूर्ण झालेल्यांना उघडता येते, तसेच 55 ते 60 या वयात निवृत्त झालेल्या माणसालाही उघडता येते. अट एवढीच की निवृत्तीची रक्कम हाती आल्यापासून तीन महिन्यांच्या आत ते उघडले पाहिजे. पूर्वी ही मुदत एक महिन्याची होती, ती नोव्हेंबर 2023 मध्ये तीन महिने झाली. आपली बँक ही खाती उघडण्यास अधिकृत आहे आणि हा नियम आपल्या संकेतस्थळावर आजही लिहिलेला आहे. मी कारखान्याचे निवृत्तीचे प्रमाणपत्र सोबत घेऊन, मुदतीच्या आत, या योजनेचे नाव घेऊन शाखेत आलो होतो. मला सांगण्यात आले की, “काका, तुम्हाला साठ पूर्ण नाहीत, सिस्टीम घेणार नाही.” जी योजना आपण विकता तिचा नियम आपल्याच कर्मचाऱ्याला माहीत नसेल, तर ही गंभीर बाब आहे. माहीत असूनही त्याने खोटे सांगितले असेल, तर ती त्याहून गंभीर आहे. पुढे जे घडले त्यावरून माझा विश्वास दुसऱ्या शक्यतेवर आहे.

कारण त्याच बैठकीत, त्याच टेबलावर, त्याने दुसरा कागद पुढे केला. “ही एफडीसारखीच आहे, व्याज जास्त आणि वर विमा फुकट, एकदाच पैसे भरायचे,” असे सांगून ऑगस्ट 2024 मध्ये माझ्या खात्यातून 5 लाख रुपये वळते करण्यात आले आणि 10 लाखांची एक वर्षाची मुदत ठेव करून देण्यात आली. विमा कंपनीचा तपासणीचा फोन शाखेतच आला. समोर बसलेल्या रिलेशनशिप मॅनेजरने खुणेने सांगितले की सगळ्याला ‘हो’ म्हणा, नाहीतर काम पुढे सरकत नाही. माझ्या सह्या जिथे फुल्या केल्या होत्या तिथे घेण्यात आल्या, आणि बाकीचा अर्ज माझ्या मागे भरण्यात आला.

यंदा ऑगस्टमध्ये दुसऱ्या हप्त्याचा संदेश मोबाईलवर आला तेव्हा मला कळले की ही मुदत ठेव नसून दरवर्षी 5 लाख रुपये असे सलग दहा वर्षे भरायची विमा पॉलिसी आहे. म्हणजे 28 लाखांची एकूण पुंजी आणि आठ हजारांची पेन्शन असलेल्या निवृत्त कामगाराच्या नावावर आपण 50 लाखांचे हप्ते लावले आहेत. हे कोणत्या तपासणीत बसले, असा प्रश्न मी विचारला आणि प्रस्ताव अर्जाची प्रत मागितली. मोठ्या तगाद्यानंतर ती मिळाली. त्या अर्जात माझा व्यवसाय ‘व्यापार’ आणि वार्षिक उत्पन्न 18 लाख रुपये लिहिले आहे. मी आयुष्यात कधी व्यापार केलेला नाही, आणि माझा पगार वर्षानुवर्षे आपल्याच बँकेत जमा होत होता, त्यामुळे माझे उत्पन्न आपल्याइतके दुसऱ्या कुणालाही ठाऊक नव्हते. अर्जावरील ई-मेलचा पत्ताही माझा नाही. पॉलिसीचा दस्तऐवज त्या पत्त्यावर पाठवला गेला, म्हणून तो मला कधी मिळालाच नाही.

“तीस दिवसांची फ्री-लुक मुदत केव्हाच संपली,” हे उत्तर मला शाखेतून, ग्राहक सेवा केंद्रातून आणि विमा कंपनीकडून, सगळीकडून मिळाले आहे. पॉलिसी पटली नाही तर परत करण्याची ही मुदत पॉलिसीधारकाला दस्तऐवज मिळाल्यापासून मोजली जाते, पैसे कापल्यापासून नाही. तो मला मिळाल्याचा एकही पुरावा आपल्याजवळ नाही, आणि दुसऱ्याच्या ई-मेलवर पाठवलेला कागद मला पोहोचला असे म्हणता येणार नाही. आपल्या पॉलिसीच्या अटींनुसार दुसरा हप्ता भरला नाही तर पहिल्या 5 लाखांतून मला एक रुपयाही परत मिळत नाही. भरला आणि मग पॉलिसी सोडली, तर 10 लाखांपैकी 3 लाख मिळतात. एकच वर्षाचा हप्ता भरलेल्यालाही सोडमूल्य, म्हणजे पॉलिसी मध्येच सोडल्यावर परत मिळणारी रक्कम, मिळावे, असा नियम विमा नियामकाने केला आणि तो 1 ऑक्टोबर 2024 पासून लागू झाला. माझ्या गळ्यात ही पॉलिसी त्याच्या काही आठवडे आधी मारण्यात आली.

आता शुक्रवारच्या फोनबद्दल. तो मी सविस्तर लिहितो, कारण आपल्या बँकेत माझ्या वयाच्या माणसांशी कसे बोलले जाते हे आपल्या वरिष्ठांपर्यंत पोहोचले पाहिजे. बराच वेळ होल्डवर ठेवल्यावर शाखा व्यवस्थापक फोनवर आले. फोन स्पीकरवर होता आणि माझी पत्नी शेजारी बसून ऐकत होती. मी प्रकरण सांगायला सुरुवात केली तेवढ्यात त्यांनी मला थांबवून विचारले, “काका, अर्जावर सही तुमची आहे की नाही?” मी म्हणालो, सही माझी आहे, पण उत्पन्न, व्यवसाय आणि ई-मेल माझा नाही. “सही तुमची आहे ना, मग विषय संपला.” मी ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा 55 वर्षांचा नियम सांगितला. त्यावर ते म्हणाले, “एवढं माहीत होतं तर तेव्हाच का नाही बोललात?” मी सांगितले की मी तेव्हाच बोललो होतो, त्याच योजनेसाठी आलो होतो, प्रमाणपत्र घेऊन आलो होतो. थोडा वेळ शांतता होती. मग आपले व्यवस्थापक म्हणाले, “मग पोस्टातच जायचं होतं ना काका, बँकेत कशाला आलात? आणि पाच लाखांसाठी किती फोन करणार? लोक शेअर बाजारात एका दिवसात एवढे घालवतात.” माझ्या पत्नीने फोन माझ्या हातातून घेतला आणि त्यांना एवढेच विचारले की, तुमच्या आईवडिलांशी कुणी असे बोलले तर चालेल का. फोन पलीकडून कापला गेला.

“बँकेत कशाला आलात” याचे उत्तर मी येथे देतो. माझा पहिला पगार आपल्या बँकेत जमा झाला. घराचे कर्ज आपल्याकडून घेतले आणि एकही हप्ता न चुकवता फेडले. मुलीच्या शिक्षणाचे पैसे आपल्याच खात्यातून गेले. पोस्टात हेच खाते उघडता येत होते, तरीही 15 लाख आपल्याकडे ठेवावेत असे मला वाटले, कारण आपल्या शाखेवर माझा विश्वास होता. त्या विश्वासाचे उत्तर आपल्या व्यवस्थापकांनी दिले आहे. पाच लाख रुपये ही ज्यांना किरकोळ रक्कम वाटते, त्यांनी तिसऱ्या पाळीत यंत्रावर उभे राहून ती साठवलेली नाही.

आणि नुकसान पाच लाखांवर थांबत नाही. मुदत संपून बरेच महिने उलटल्यावर पोस्टात मासिक प्राप्ती योजनेच्या कामासाठी गेलो असता तेथील कर्मचाऱ्याने मला सांगितले की, पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांत आला असता तर ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचे खाते विनासायास उघडले असते. आता साठ पूर्ण होईपर्यंत, म्हणजे पुढच्या मे महिन्यापर्यंत, मला थांबावे लागणार आहे, आणि तेव्हा दर काय असेल याची कुणालाही खात्री नाही. त्या वेळी खाते उघडले असते तर 8.2 टक्के दर पाच वर्षांसाठी पक्का झाला असता. त्याऐवजी आपल्या 10 लाखांच्या ठेवीवर सात टक्क्यांनी तिमाहीला साडेसतरा हजार मिळत होते. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी ते जून 2025 या काळात रेपो दर, म्हणजे बँकांना ती ज्या दराने कर्ज देते तो दर, साडेसहावरून साडेपाच टक्क्यांवर आणल्यामुळे या ऑगस्टमध्ये ठेवीचे नूतनीकरण झाले ते त्याहूनही कमी दराने. ज्या घराने 30,750 रुपयांवर तिमाहीचा खर्च बसवला होता, त्याला निम्म्या उत्पन्नात भागवावे लागत आहे, आणि हे केवळ आपल्या कर्मचाऱ्याने “साठ पूर्ण नाहीत” असे सांगितल्यामुळे झाले आहे. मी योग्य वेळी, योग्य कागद घेऊन, योग्य योजना मागितली होती.

बँकांनी ग्राहकांवर विमा लादू नये, असे अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी नोव्हेंबर 2024 मध्ये मुंबईत बँकांच्याच परिषदेत बजावले होते. त्यानंतरही माझ्या तक्रारीची अशी वासलात लावली जाते, याचे मला दुःख आहे.

माझी मागणी अशी आहे की ही पॉलिसी सुरुवातीपासून रद्द करून 5 लाख रुपये, पैसे कापल्याच्या तारखेपासून 8.2 टक्के व्याजासह, माझ्या खात्यात जमा करावेत. 10 लाखांच्या ठेवीवरील व्याजातील फरक मला भरून द्यावा. आणि ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचे खाते मला का नाकारले, याचा लेखी खुलासा शाखेने करावा. तपासणीच्या फोनचे ध्वनिमुद्रण आणि शुक्रवारच्या संभाषणाचे ध्वनिमुद्रण जपून ठेवावे. ते नष्ट झाल्यास त्याची जबाबदारी आपली राहील. प्रस्ताव अर्जाची प्रत, निवृत्तीचे प्रमाणपत्र, पगार जमा झाल्याच्या नोंदी असलेले पासबुक आणि माझ्या नेहमीच्या ई-मेल पत्त्याचा पुरावा सोबत जोडला आहे.

तीस दिवसांत समाधानकारक लेखी उत्तर न आल्यास मी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे बँकेविरुद्ध आणि पुण्याच्या विमा लोकपालाकडे विमा कंपनीविरुद्ध तक्रार दाखल करीन. गरज पडल्यास 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगातही जाईन. तो कायदा मला माझ्या राहत्या जिल्ह्यात दाद मागू देतो. अर्जात खोटे उत्पन्न लिहिणाऱ्या कर्मचाऱ्यावर फौजदारी तक्रार करण्याचा माझा हक्क मी राखून ठेवतो. माझ्याबरोबर त्याच वर्षी निवृत्त झालेल्या कामगारांपैकी अनेकांची खाती आपल्याच शाखेत आहेत, आणि त्यांना मी हे पत्र वाचून दाखवणार आहे.

मुदत ठेवीची मुदत पुढच्या वेळी संपेल तेव्हा ती पुन्हा करू नये, पूर्ण रक्कम माझ्या बचत खात्यात वर्ग करावी, अशी सूचना मी याच पत्राद्वारे देत आहे.

आपला,
(सही)
खातेदार, सातपूर, नाशिक