कळलावीचा कंद घरी नेऊ नका

महोदय,

श्रावणात ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात रस्त्याकडेला कळलावी फुलते. पाकळ्या आधी हिरवट-पिवळ्या, मग ज्वाळेसारख्या लाल. पानाचे टोक तंतूसारखे वळून शेजारच्या झुडपाला धरते. मोह पडावा अशीच ती आहे. गेल्या रविवारी एका कुटुंबाने कुंडीत लावायला तिचा कंद उकरलेला मी पाहिला. सोबतचे लहान मूल तो कंद हाताळत होते, म्हणून हे पत्र.

माझी आजी सांगे, अडलेल्या बाळंतिणीच्या बेंबीवर नि तळपायांवर या कंदाचा लेप लावत. कळा लावते म्हणून कळलावी. नांगरासारख्या कंदामुळे आयुर्वेदात ती लांगली. पण तिची गणना उपविषांत, म्हणजे दुय्यम विषांत होते आणि शोधन, म्हणजे विषारीपणा कमी करणारी प्रक्रिया केल्याखेरीज वैद्य ती वापरत नाहीत. हा भाग मात्र ऐकीव माहितीत गळून जातो. कंदात आणि बियांत कोल्चिसिन हे विषारी द्रव्य असते. डॉक्टर ते गाउट या सांधेदुखीच्या विकारावर देतात, तेही मिलिग्रॅमच्या हिशेबात. रताळे समजून हा कंद खाल्ल्याने माणसे दगावली आहेत. उलट्या-जुलाब काही तासांनी सुरू होतात, तोवर विष भिनलेले असते. त्यामुळे लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठावे, उरलेला तुकडा सोबत न्यावा. गर्भवतींनी तर लेपाच्याही वाटेला जाऊ नये.

येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग, आणि राष्ट्रीय उद्यानातून रोप उपटणे हा गुन्हा आहेच. वनविभागाने येऊरच्या नाक्यावर पावसाळ्यापुरता तरी कळलावीचे चित्र असलेला फलक लावावा, ही विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका, वर्तकनगर, ठाणे