नागपूरला बर्डीवरच्या फोटोवाल्या दादांना, तीस सीड्यांबद्दल

दादा, स.न.वि.वि.

आईचा फोटो छापलेल्या तीस सीड्यांमधला शेवटचा गठ्ठा तुम्ही हातात दिलात तेव्हा नीट आभार मानायचे राहून गेले. मागे पासपोर्ट फोटोवालं गिऱ्हाईक ताटकळत होतं आणि मला दुकानातच रडू येईल असं वाटत होतं, म्हणून पैसे ठेवून निघाले. पैसेही तुम्ही फक्त कोऱ्या डिस्कचे घेतलेत. शाईचं विचारलं तर म्हणालात, "शाई तर वापरली नाही तरी सुकूनच जाते न ताई." म्हणून हे पत्र, चारचौघांनी वाचावं असं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: माझ्या आईची एक कॅसेट आहे, १९८७ च्या कोजागिरीची, साठ मिनिटांची. आमच्या वाड्यातली भुलाबाई, म्हणजे आपल्याकडचा भोंडलाच. आई गाणं सांगते, बाकीच्या मागून म्हणतात, आणि शेवटी खिरापत ओळखायची म्हणून डबा हलवल्याचा खुळखुळाट. "शेंगदाणे!" "नाही, फुटाणे!" असा गोंधळ चालू असतानाच टेप संपते. आईच्या वर्षश्राद्धाला मे महिन्यात चारही मावश्या यायच्या होत्या, तेव्हा प्रत्येकीला आणि त्या वाड्यातल्या बायकांना या गाण्यांची सीडी द्यायची ठरवलं. पेन ड्राइव्ह का नाही, असं भाचा विचारतो. मावश्यांकडे सीडी प्लेअर आहेत, आणि पेन ड्राइव्हवर आईचा फोटो कुठे छापणार?

आधीचा पराक्रम माझा. गोल स्टिकरचे कागद आणले, घरच्या इंकजेटवर छापले, हातानं चिकटवले. पहिली सीडी भावाच्या गाडीत घातली. तिथला प्लेअर डिस्क आत ओढून घेणारा, गाडी दुपारभर उन्हात उभी. नागपूरच्या उन्हात डिंक टिकतो होय? कागदाची कड उचलली गेली आणि सीडी आत गेली ती गेलीच. दुसरी घरच्या प्लेअरमध्ये नुसती घरघरायला लागली, कारण स्टिकर केसभर एका बाजूला बसला होता. तिसरीचा कागद मी नखानं सोलून काढला.

ती सोललेली सीडी तुम्ही ट्यूबलाइटसमोर धरलीत ते मला अजून दिसतं. चंदेरी मुलामा कागदाबरोबर निघून आला होता आणि भोकांतून आरपार उजेड येत होता. "ताई, गाणी या वरच्या बाजूले असते. खाली जवळपास सव्वा मिलिमीटर प्लास्टिक आहे, वर फक्त वार्निशचा पापुद्रा." डीव्हीडीत तो थर दोन चकत्यांच्या मध्ये असतो, सीडीत तसं नसतं, हेही सांगितलंत. आणि मी जन्मभर सीडी चमकणारी बाजू वर करून टेबलावर ठेवत आले!

मग तुम्ही लग्नाच्या शूटिंगच्या काळातला तो ट्रेवाला, थेट सीडीवर छापणारा प्रिंटर झटकून काढलात आणि पांढऱ्या डिस्क दाखवल्यात. साध्या चंदेरी डिस्कवर इंकजेटची शाई धरत नाही, थेंब थेंब होऊन पुसली जाते; या पांढऱ्या डिस्कवर शाई शोषणारा लेप असतो. "आधी गाणी भरा, पूर्ण वाजवून पाहा, मंग छापू." छापताना हात लागतो, धूळ बसते, नंतर भरायला गेलं तर डिस्क फसू शकते.

मी फोटो अगदी मधोमध बसवून आणला होता. स्क्रीनवर पाहिलंत आणि माउसवरचा हात थांबला. मधलं भोक नेमकं आईच्या कुंकवावर येत होतं. "नाही जी, माउलीच्या कपाळावर भोक नाही पाडत मी," म्हणालात आणि तिला उजवीकडे सरकवलंत, इतकं की भोक तिच्या खांद्यापलीकडच्या ज्वारीच्या धांड्यांवर पडलं. नंतर छपाईचा आतला व्यास २३ आणि बाहेरचा ११८ मिलिमीटर भरलात आणि एका फुकट गेलेल्या डिस्कवर चारदा छापून पाहिलंत. एवढ्या वेळात माझा चहा निवला.

नाव मला कडेकडेनं गोल हवं होतं. तुम्ही हट्ट पुरवलात, आणि "भुलाबाईची गाणी" अशी उमटली की शिरोरेखा जागोजागी तुटलेली, वेलांट्या अक्षरांपासून फटकून उभ्या. इंग्रजी अक्षरं गोलात सुटी सुटी चालतात, आपली एकमेकींचा हात धरून असतात. मुकाट्यानं सरळ ओळीवर आले.

आता कबुली. चोवीस तास सावलीत, पंख्याखाली, एकावर एक न ठेवता सुकवा असं बजावलं होतंत. मी पहिल्या दहा घरी नेल्या आणि कूलरसमोर पसरल्या. कूलरची हवा ओली, हे नागपूरकरणीला कोणी सांगायला हवं का? सकाळी एक उचलली तर आईच्या साडीचा मरून रंग माझ्या अंगठ्यावर. चार गेल्या. त्या पुन्हा भरून घेऊन आले तेव्हा "सांगितलं होतं न" हे शब्द तुम्ही एकदाही काढले नाहीत. नुसता ट्रे पुढे ओढलात.

वर्षश्राद्धाला आलेल्या धाकट्या मावशीनं सीडी तिथेच लावली. गाणी ती गप्प बसून ऐकत होती, डबा वाजल्यावर मात्र ओरडली, "फुटाणे होते गं, मला आठवतं!"

भाचा हे पत्र घेऊन येतोय, त्याच्या हाती एक डबाही आहे. लगेच झाकण उघडायचं नाही, दादा. आधी हलवून ओळखा.

तुमची,
सक्करदऱ्याची ताई