काकू, चिकू आता तळ्याला पूर्ण फेरी मारतो

प्रिय काकू,

हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं मुद्दाम लिहितेय. फोनवर तुम्हाला थँक्यू म्हणायला गेलं की तुम्ही लगेच "ते असू दे, चिकू नीट खातो का सांग" म्हणून विषय बदलता आणि माझं बोलायचं राहूनच जातं. तुम्ही लेकीकडे राहायला गेलात त्याला आता बरेच महिने झाले, पण इथे इंग्लंडात, लिंकनमध्ये, अजून कुणी ना कुणी मला थांबवून विचारतं की तुझ्याबरोबर त्या निळ्या जॅकेटवाल्या बाई असायच्या त्या कशा आहेत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, चिकू म्हणजे रेसमधून रिटायर झालेला आमचा ग्रेहाउंड. आम्ही त्याला आणला तेव्हा त्याला जिना माहीत नव्हता, वॉशिंग मशीनचा आवाज माहीत नव्हता, काचेच्या दारावर तो जाऊन आपटायचा, कारण या कुत्र्यांचं सगळं आयुष्य केनेल आणि ट्रॅक एवढ्यातच गेलेलं असतं. बाहेर नेलं की थोडं चालून थिजून उभा राहायचा आणि मग काही केल्या हलायचा नाही. नवऱ्याच्या शिफ्ट, त्यात नोव्हेंबर, चार वाजताच अंधार पडायला लागलेला, आणि मला इथे ओळखीचं असं कुणीच नव्हतं. अशात एक दिवस हार्ट्सहोम कंट्री पार्कमध्ये मी त्याच्यासमोर उकिडवी बसून "चल रे बाळा, त्या झाडापर्यंत तरी चल" असं विनवत होते आणि मागून आवाज आला, "अगं ओढू नकोस, उभा राहू दे त्याला, बघू दे काय बघायचंय ते." चक्क मराठीत. काकू, मला त्या क्षणी जे वाटलं ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. मी तिथेच रडले असते, पण तुम्ही चिकूकडे बघून म्हणालात, "हा तर आपल्या कारवानीचा भाऊ दिसतोय", आणि मला एकदम जतचं आजोळ आठवलं. आजोबांकडे तसलाच उंच, पोट आत गेलेला, लांब तोंडाचा कारवानी कुत्रा होता. तुम्ही मिरजेत नर्सिंग शिकलेल्या, मी सांगलीची. दोघींना त्या भागातली ती कुत्री माहीत असणार यात नवल नाही, पण त्या ओळखीची गाठ इंग्लंडातल्या एका तळ्याकाठी पडावी!

त्या दिवसापासून अख्खा हिवाळा तुम्ही आमच्याबरोबर चाललात. "चाललात" म्हणते, पण पहिले कितीतरी दिवस आपण नुसत्याच उभ्या असायचो. तुम्ही मला शिकवलंत की ग्रेहाउंड लांबचं हलणारं फार पटकन टिपतो, आपल्याला दिसायच्या आधी त्याला तिकडची खार दिसलेली असते, म्हणून तो थांबला की तो हट्ट नाही, तो विचार करतोय. चार पावलं आला की शाब्बास म्हणायचं आणि परत फिरायचं, तो घाबरायच्या आत परत फिरायचं. हे "घाबरायच्या आत" मला कुठल्याच व्हिडिओत इतकं साधं करून कुणी सांगितलं नव्हतं. त्याचं डोकं मानेपेक्षा बारीक, साधा गळपट्टा मागे सरकला की सरळ निघून येतो, म्हणून रुंद मार्टिंगेल कॉलर (ओढ बसली की जरा आवळणारा गळपट्टा) आणि जोडीला छातीभोवती बसणारा हार्नेस, दोन्हीला पट्टा, हेही तुम्हीच सांगितलंत. अंगावर चरबी नाही, केस आखूड, म्हणून थंडीत कोट. आणि मुसकं. लोक मुसकं बघितलं की कुत्रा चावरा असेल म्हणून बाजूला होतात, त्याचं मला फार वाईट वाटायचं. तुम्ही प्रत्येकाला थांबून शांतपणे सांगायचात की हा चावत नाही हो, पण ससा किंवा खार दिसली तर याला आवरणं अवघड, म्हणून लावलंय. तुम्ही ते इतक्या आदराने सांगायचात की पुढच्या वेळी तेच लोक आधी चिकूला हाक मारायचे.

हार्ट्सहोमबद्दल थोडं लिहिते, कारण लिंकनला येणारी आपली माणसं कॅथेड्रल बघतात, कॅसलमधली मॅग्ना कार्टा ही राजाच्या सत्तेला मर्यादा घालणारी जुनी सनद बघतात, स्टीप हिलवर धापा टाकत फोटो काढतात आणि परत जातात, गावाच्या नैऋत्येला हे तळं आहे हे कुणी सांगतच नाही. मलाही तुम्हीच सांगितलंत की हे तळं मुळात शहराला पाणी पुरवायला केलेलं आहे, नैसर्गिक नाही. शेजारी जोसेफ शटलवर्थनी 1860 च्या दशकात हार्ट्सहोम हॉल बांधला, म्हणजे ज्यांच्या क्लेटन अँड शटलवर्थ कंपनीची वाफेची इंजिनं लिंकनमधून जगभर जायची तेच. बाग एडवर्ड मिलनरनी आखली. हॉल 1951 मध्ये पाडला, बाग आणि तळं तेवढं राहिलं. आणि तुम्ही जन्मभर नर्स, त्यामुळे पाण्याचा विषय निघाला की तुम्ही टायफॉइडवर यायचातच. 1904-05 च्या हिवाळ्यात लिंकनमध्ये नळाच्या पाण्यातून टायफॉइड पसरला, शंभरावर माणसं गेली, आणि तेव्हा डॉ. अलेक्झांडर ह्यूस्टन यांनी गावाच्या पाण्यात सतत क्लोरीन घालायला सुरुवात केली. अख्ख्या शहराच्या पाण्यात असं नेमाने क्लोरीन घालायच्या अगदी पहिल्या कामांपैकी हे एक. पुढे 1911 पासून पाणी थेट नॉटिंगहॅमशायरमधल्या एल्कस्लीहून यायला लागलं. चिकू बदकांकडे टक लावून उभा, आणि तुम्ही काठीने पाण्याकडे दाखवत मला हे सगळं सांगताय. तुमच्यामुळे हे परकं गाव मला कळायला लागलं, हे खरं सांगते काकू.

पाण्याची काळजी मात्र तुम्ही कुत्र्याच्या बाबतीतही तेवढीच घ्यायला लावलीत. उन्हाळ्यात उकाडा आणि वारा पडलेला असला की साचलेल्या पाण्यावर ब्लू-ग्रीन अल्गी म्हणजे विषारी शेवाळासारखं काहीतरी येतं, हिरव्या रंगाचा तवंग दिसतो, आणि कुत्रा ते पाणी प्यायला किंवा पोहून आल्यावर अंग चाटलं तरी विष पोटात जाऊन लिव्हर निकामी होऊ शकतं, त्याला उतारा नाही. हे लिहितेय कारण नवीन लोकांना खरंच माहीत नसतं. तळ्याकाठी जाताना घरून बाटली आणि घडीची वाटी न्यायची, बोर्ड लावलेला असो नसो, तवंग दिसला की पट्टा आखूड धरायचा. आणि दुसरं, तुमचं ते शिऱ्याचं प्रकरण! मी डब्यातून शिरा आणला होता, चिकू आशेने बघत होता, मी चमचाभर काढलाही होता आणि तुम्ही माझा हात धरलात, "बेदाणे आहेत ना गं त्यात?" द्राक्षं आणि बेदाण्यांनी कुत्र्याची किडनी जाऊ शकते, कांदा-लसूणही नको, म्हणजे पोहे, उपमा, भाजी सगळंच बंद. आपल्या मराठी घरात कुत्रा पाळणाऱ्या प्रत्येकाने हे फ्रिजवर लिहून चिकटवावं.

स्वानहोमला जायला मात्र आपल्याला वसंत उजाडला. हार्ट्सहोमला लागूनच जुन्या वाळू-खडीच्या खाणींची ती तळी, बर्चची झाडं, हेदर, आणि उन्हाळ्यात चतुर इतके की चिकूसुद्धा मान फिरवून फिरवून दमायचा. संरक्षित जागा आहे ती, तिथे तुम्ही स्वतःच्या म्हाताऱ्या शेरूलाही कधी मोकळं सोडलं नाहीत, ज्याला धड पळताही येत नव्हतं. मी विचारलं तर म्हणालात, पक्ष्यांना थोडंच माहीत आहे याचे गुडघे दुखतात ते. शेरू गेला तेव्हाही तुम्ही दुसऱ्या आठवड्यात आमच्यासाठी गेटपाशी उभ्या होतात. हातात पट्टा नाही, खिशात चिकूसाठी उकडलेल्या चिकनचे तुकडे. त्या दिवसाबद्दल मला जास्त लिहिता येणार नाही, पण मी विसरलेले नाही.

आता चिकूची खबर. तो तळ्याला पूर्ण फेरी मारतो, हंसांच्या बाजूने सुद्धा, सायकल आली की माझ्या पायाला चिकटून उभा राहतो आणि मग स्वतःहून चालायला लागतो. साउथ कॉमन या गावच्या मोकळ्या माळावर नेलं होतं, तिथे चरणारे घोडे बघून जरा थांबला, पण मागे फिरला नाही, वर चढून गेलो तेव्हा समोर कॅथेड्रल लख्ख दिसत होतं आणि हा गवतात लोळत होता. रोज सकाळी भेटणारी माणसं मला अजून "चिकूची आई" म्हणूनच ओळखतात आणि मीही त्यांना कुत्र्यांच्याच नावाने ओळखते, पण आजारी पडले तेव्हा त्यातल्याच दोघी चिकूला फिरवून आणत होत्या. ही ओळख तुम्ही करून दिलेली आहे. मला एकटीला ते जमलं नसतं.

आणि एक काम आहे तुमच्याकडे. नाशिकहून आलेलं एक जोडपं भेटलं परवा, त्यांनीही ग्रेहाउंडच घेतलाय, मादी आहे, पार्किंगमधून पुढे यायलाच तयार नाही. मी त्यांच्याबरोबर नुसतं उभं राहायला सुरुवात केलीये. पण ती हंस बघून नाही, पायाखाली खडी वाजली की थरथरते, चिकूचं असं कधी नव्हतं. तर याला काय करायचं ते मला रविवारी फोनवर सांगा, मी वही घेऊन बसते. आणि एप्रिलमध्ये येताय म्हणालात ते नक्की करा, गाडी घेऊन स्टेशनला येते.

तुमचीच,
चिकूची आई